दिसत नाही तो डोळाही दुखतो

आमच्या वाडीतल्या सव्वीस वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या डोळ्यात चैत्रात चिऱ्याची कपची घुसली. चिरेखाणीवर कटर चालू होता आणि डोळ्यांवर गॉगल नव्हता. घाटावर नेऊन डोळा शिवला, पण नजर परत आली नाही. नवरात्रात एका संध्याकाळी तो आमच्या पडवीत येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकी, डोळो तर गेलो. मगे दुकता कित्याक?"

डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळी त्याने पंधरा दिवसांपूर्वी बंद केली होती. का, म्हणून विचारलं तर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. गावाच्या सगळ्या ग्रुपांवर फिरलेला तो संदेश मलाही आधी दोनदा आला होता. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: ज्या डोळ्याला दिसत नाही तो दुखूच शकत नाही. जखम सुकल्यावर उरतं ते मनाचं दुखणं. उरलेला डोळा दुप्पट तेज होतो, मन्सूर अली खान पतौडींनी एका डोळ्यावर कसोटी क्रिकेट गाजवलं. कृत्रिम डोळा बसवला की चेहरा होता तसा होतो. तेव्हा रडगाणं थांबवा, सकारात्मक राहा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण या संदेशामुळे एका मुलाचं औषध सुटलं, म्हणून मी एकेका मुद्द्याला उत्तर देतेय. सहा वर्षांपूर्वी, पावसाळा सरल्यावर, शेजारच्या कलमांच्या बागेत ग्रास कटर चालू होता. मी घमेलं घेऊन वाटेने जात होते. कटरच्या पात्याने उडवलेला कातळाचा खडा माझ्या उजव्या डोळ्यात बसला. त्यामुळे यातलं बरंचसं मला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे.

पहिला मुद्दा सगळ्यांत घातक आहे, कारण तो ऐकायला अगदी पटतो. दिसत नाही, मग दुखेल कशाने? पण दिसणं आणि दुखणं यांच्या वाटाच वेगळ्या आहेत. दिसण्याचा संदेश दृष्टी-मज्जातंतू मेंदूकडे नेतो. डोळ्याचं दुखणं नेणारी नस दुसरी, चेहऱ्याची संवेदना सांभाळणारी ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखांपैकी वरची शाखा कपाळ, पापणी, नाकाचा शेंडा आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा, इतक्या सगळ्यांना पुरते. त्या पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, संवेदनेचे तंतू इतके दाट असतात की शरीरात तशी दुसरी जागा क्वचितच सापडेल. डोळ्यात कुसळ गेलं तरी जीव कासावीस होतो तो यामुळेच. तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक घरांतले दिवे गेले होते, तरी खाली लोंबणाऱ्या तारेला हात लावू नका म्हणून वायरमन ओरडून सांगत होते. दिवा बंद पडला म्हणजे तार मेली असं नसतं.

आंधळ्या झालेल्या डोळ्याला दुखायला कारणंही भरपूर असतात. आतला दाब वाढतो. आत सूज धुमसत राहते. कॉर्निया फुगून त्यावर फोड येतात आणि ते फुटले की वाळूत डोळा घासल्यासारखं होतं. काही डोळे वर्षभरात आकसत जातात आणि आतून ओढ बसते. माझा तसाच झाला. प्रत्येक कारणावर उपाय निराळा: दाबाचे थेंब वेगळे, सुजेचे वेगळे, फोडांवर पट्टीसारखी मऊ लेन्स लावतात, काहींना डोळ्यामागे इंजेक्शन देऊन नस बधिर करतात. कशानेच भागलं नाही तर डोळ्याच्या आतला भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया असते. 'दुखूच शकत नाही' हे खरं मानलं तर यातली एकही तपासणी होत नाही. मला पहिल्या वर्षी एका दवाखान्यात तोंडावर सांगितलं गेलं, नजरच नाही तर दुखणार काय? मी घरी आले आणि आणखी अडीच वर्षं सोसलं. पश्चिमेचा खारा वारा सुटला की उजव्या कपाळापासून टाळूपर्यंत कोणी दाभण ओढतंय असं वाटायचं, आणि मी ते कुणाला सांगत नव्हते. कारण दुखूच शकत नाही असं मला सांगून ठेवलं होतं. चौथ्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी दाब मोजला, कॉर्निया बघितला आणि शस्त्रक्रिया केली. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी सलग झोपले.

आता मनाचं. जखम भरल्यावर दुखणं संपायला हवं, हा हिशेब साध्या जखमेला लागू पडतो. नसच दुखावली असेल तर ती पुढे आपणहून खोट्या घंटा वाजवत राहते, आणि मेंदू त्या खऱ्या मानतो. मानणारच, त्याला दुसरं कळायला मार्ग नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११व्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, तिला स्वतंत्र जागा आहे. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं की माणूस आपल्याला दुखतंय म्हणतो त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. डोळा काढल्यावरसुद्धा, नसलेल्या डोळ्यात दुखण्याचा किंवा उजेडाचे ठिपके दिसण्याचा अनुभव बऱ्याच जणांना येतो. मला अजूनही उजवीकडे, जिथे आता डोळाच नाही, पहाटे निळसर ठिणग्या दिसतात. मी डॉक्टरांना सांगायला घाबरत होते. त्यांनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाले, हे माहीत असलेलं आहे.

त्या मुलाची गोळी नेमकी इथे अडकली होती. नसेच्या वेदनेवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन अशी औषधं देतात. त्यातलं पहिलं मूळचं नैराश्यावरचं. नसेसाठी ते सहसा त्याहून बऱ्याच कमी मात्रेत देतात आणि त्याचं काम वेदनेचे संदेश दाबायचं असतं. पण मोबाईलवर नाव टाकलं की पहिल्यांदा येतं 'नैराश्यावरील औषध'. भावाने ते वाचलं, आईला सांगितलं, आणि संदेश होताच साक्षीला. पोराला वाटलं, आपल्याला वेडात काढलं. असल्या गोळ्या मनाने एकदम बंदही करायच्या नसतात, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मन खचत नाही असं मी म्हणत नाही. खचतं. वर्ष-वर्ष झोप नसली तर कुणाचंही खचेल, आणि त्यावर वेगळी मदत घ्यावी, मी घेतली. पण दुखण्यामुळे मन खचणं वेगळं आणि खचलेल्या मनाने दुखणं रचणं वेगळं. संदेशाने हा क्रमच उलटा लावलाय.

उरलेला डोळा दुप्पट तेज होतो, हे सपशेल चूक. तो होता तेवढाच राहतो. आपण मान फिरवायला, सावल्यांवरून अंदाज घ्यायला शिकतो, त्याला लोक तेज होणं म्हणतात. दोन डोळ्यांनी आडवं सुमारे १८० अंशांचं दिसतं, एकाने १५०च्या आसपास, कारण मधे नाक येतं. गेलेल्या बाजूने रिक्षा येते ती अंगावर आल्यावरच कळते. खोलीचा अंदाज पहिले काही महिने पार बिघडतो. पावसात व्हाळावरचा साकव ओलांडताना शेवटचं पाऊल कुठे पडणार हे मला कळत नसे, मी बसून सरकत जायचे. चहा ओतताना चहाच्या भांड्याचं तोंड कपाच्या कडेला टेकवायचं, विळीवर मासे कापताना आधी बोटांनी पात्याची जागा चाचपायची, पायऱ्या उतरताना कठडा धरायचा, हे सगळं नव्याने शिकले. बहुतेकांना ते जमतंही. पण त्याला महिने लागतात.

पतौडींचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं सांगावं. १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्ह इथे मोटार अपघातात काच लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर जवळपास गेली. वय २०. त्याच डिसेंबरात ते दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले, पुढच्या मार्चमध्ये २१व्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. त्यांना एकाऐवजी दोन चेंडू दिसत, त्यातला कोणता खरा हे ठरवून, उभं राहायची ढब बदलून त्यांनी फलंदाजी नव्याने बसवली. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण एक माणूस त्या अवस्थेत काय करू शकला, याने चिरेखाणीवरच्या मुलाच्या कपाळातली कळ खोटी ठरत नाही.

आणि उरलेल्या डोळ्याबद्दल संदेशाने सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. डोळा फुटण्याच्या जखमेनंतर क्वचित, पण खरोखर, चांगला डोळाही सुजू शकतो. शरीराची संरक्षण यंत्रणाच त्याच्यावर उलटते. सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात त्याला. बहुतेक वेळा पहिल्या वर्षात, पण कधी कित्येक वर्षांनीही. चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. ब्रेल लिपी देणाऱ्या लुई ब्रेल यांच्या एकाच डोळ्यात वडिलांच्या कारखान्यात हत्यार लागलं होतं, वय वर्षं ३. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. म्हणून उरलेल्या डोळ्यावर, नंबर असो वा नसो, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा कायम. गवत कापताना, नारळ सोलताना, चुलीपुढे, सगळीकडे. डोळ्यात मध, तूप, अंगावरचं दूध घालू नका. पानाचं, गवताचं काही लागलेल्या डोळ्यात बुरशी धरू शकते, आणि दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी ती आणखी माजते.

डोळा बदलून मिळतो, असाही एकाने खाली जोड दिलाय. नाही मिळत. नेत्रदानातून प्रामुख्याने कॉर्निया बसवतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा अख्खा डोळा बसवला, त्या डोळ्याला दिसत नाही.

कृत्रिम डोळा मात्र मिळतो, आणि मी तो वापरते. शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी खाचेचा साचा घेऊन अ‍ॅक्रिलिकचा करतात, दुसऱ्या डोळ्याकडे बघून बुबुळ रंगवतात. फार कसबाचं काम आहे. पण त्याची बाहुली उजेडात लहान होत नाही, तो थोडासाच हलतो, वरची पापणी आत ओढल्यासारखी दिसते. घामात, लाल धुळीत चिकट पाणी येतं. वर्षाकाठी पॉलिश, पाचेक वर्षांनी नवा. खाच सुजलेली असेल त्या दिवशी तो घालताही येत नाही.

चेहरा होता तसा होत नाही. माझ्या भिवईपासून गालापर्यंत व्रण आहे. हे बोललं की लोक म्हणतात, अगो, मन चांगलं पाहिजे. माझं मन चांगलं आहे, तो प्रश्नच नाही. चतुर्थीला मुंबईहून आलेली माणसं माझ्याशी बोलताना खांद्याकडे बघतात. भाच्याच्या हळदीला मला कुणी अडवलं नाही, फक्त हळद लावायला बोलावलंही नाही. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असं मला वाटत नाही, तो आपल्या बोलण्यातच मुरलेला आहे. झारीतला शुक्राचार्य आपण किती सहज म्हणतो. झारीचं तोंड अडवून बसलेल्या शुक्राचार्यांच्या डोळ्यात वामन दर्भ खुपसतो, ही गोष्ट मी लहानपणी कितीदा ऐकली असेल. फुटलेल्या डोळ्याचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

काळा चष्मा लावणं हे लपणं आहे, असंही त्या संदेशात एक वाक्य आहे. मी तो लावते कारण वारा लागला की दुखतं. आणि एखाद्या दिवशी नुसतं बघितलं जाणं नको असेल म्हणून लावला, तरी तो माझा निर्णय.

कायद्यातही आम्ही फटीत पडतो, तेवढं सांगते. दुसरा डोळा चांगला असेल तर गेलेल्या डोळ्याचं अपंगत्व ३० टक्के धरतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के लागतात. त्यातल्या २१ प्रकारांत अ‍ॅसिड हल्ल्यातल्या व्यक्ती आहेत, ते योग्यच आहे. खाणीत किंवा बागेत चेहरा गेला तर मात्र त्यासाठी रकाना नाही. दुखण्यासाठीही नाही.

त्या मुलाला मी एक शंभर पानी वही दिली आहे. रोज सकाळी आणि रात्री दुखणं शून्य ते दहामध्ये किती, कुठून कुठे गेलं, वारा होता की उजेड, झोप किती, एवढंच लिहायचं. दिसत नाही त्या डोळ्याचा दाब मोजा आणि दुसरा डोळाही बघा, हे स्वतःहून म्हणायचं, तेही त्याने पहिल्या पानावर लिहून घेतलं. गोळी पुन्हा किती मात्रेपासून सुरू करायची हे विचारायला त्याने पडवीतूनच फोन लावला. पुढच्या बुधवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघं घाटावर जातोय. त्याची आई येते म्हणाली आहे, भावालाही मी बोलावलंय, गोळी कशाची ते त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं म्हणून.