टाकीत ऑक्सिजन ओतणाऱ्यांसाठी

"10 लिटर पेट्रोलमध्ये मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड 50 मिली टाका. ऑक्सिजन वाढतो, ताकद आणि ॲव्हरेज 30 टक्क्यांनी वाढतं. रेसवाले हेच करतात, कंपन्या लपवतात." हा फॉरवर्ड माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि पठ्ठ्या बाटली घेऊन टाकीचं झाकण उघडायला निघाला.

आधी हिशोब. त्या बाटलीत साधारण 3 टक्के पेरॉक्साइड असतं, बाकी पाणीच. 50 मिलीत दीड ग्रॅम पेरॉक्साइड, त्यातून सुटणारा ऑक्सिजन जेमतेम पाऊण ग्रॅम. आता पेट्रोल. किलोभर पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते आणि हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन असतो. 10 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे साडेसात किलो, म्हणजे 25 किलो ऑक्सिजन. 25 किलोंत पाऊण ग्रॅम! दर्यामे खसखस.

वर 48 मिली पाणी टाकीत गेलं ते वेगळंच. साध्या पेट्रोलमध्ये ते मिसळत नाही, तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तळाकडूनच. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी धरून ठेवतं, पण हद्द ओलांडली की इथेनॉलही पाण्याबरोबर खाली उतरतं. मग धक्के खात बंद पडणारं इंजिन आणि गंजलेली टाकी. ही म्हणे ताकद!

रेसवाल्यांचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे सरळ रेषेत पळणाऱ्या खास रेसच्या गाडीत, नायट्रोमिथेन नावाचं इंधन जाळतात. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त ऑक्सिजनच असतो, त्यामुळे किलोला 1.7 किलो हवा पुरते. किलोमागे ऊर्जा पेट्रोलच्या पावपटच, पण तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन जाळता येतं, म्हणून एकूण ताकद दुपटीच्या वर जाते. फक्त ती गाडी 1000 फूट पळते आणि दर धावेनंतर इंजिन खोलून बांधतात. नायट्रस ऑक्साइड हा वायूही खरंच चालतो, पण तो टाकीत नव्हे, वेगळ्या सिलिंडरमधून हवेच्या वाटेने जातो, आणि सोबत जादा पेट्रोल दिलं नाही तर पिस्टन वितळतो.

ॲव्हरेजचं तर उलटंच. इथेनॉलमध्ये वजनाने 35 टक्के ऑक्सिजन असतो, म्हणूनच लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. 10 टक्के मिसळलं की ॲव्हरेज साधारण 3 टक्क्यांनी घटतं.

आणि कंपन्या लपवतात म्हणे! अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, ॲव्हरेज वाढवण्याचा दावा करणारी 100हून जास्त साधनं तपासली. लक्षात येण्याजोगा फरक पाडणारं एकही सापडलं नाही.

बाटली आधीच ओतली असेल तर किल्ली फिरवू नका. मेकॅनिकला बोलावून टाकी रिकामी करून घ्या.