साऊथ आफ्रिकेले सरसकट 'चोकर' म्हननं सोडा भाऊ

गावच्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरून रायली, म्हने साऊथ आफ्रिका जन्माची चोकर (म्हंजे ऐन मोक्यावर कच खानारी), 92 पासून हरेक वर्ल्डकप स्वतःच्या हातानं घालवला, प्रेशर आलं का यायचे हातपाय गळतेत, अन् ट्रॉफी त एक बी नाई. मले हे पटत नाई, म्हनून एकेक मुद्दा घेतो.

92 ची सेमीफायनल, सिडनी. इंग्लंडसमोर 13 बॉलात 22 पायजे होते, पाऊस आला, अन् तवाच्या नियमानं दोन ओव्हर कापल्या पन रन कापला फक्त एक, म्हंजे एका बॉलात 21, अन् बोर्डावर त 22 दिसत होते! याच्यात खेळाडूनं काय घालवलं सांगा. सोयाबीन काढणीले आलं अन् पावसानं नेलं त कास्तकाराले चोकर म्हनता का तुमी?

99 ची सेमीफायनल, एजबॅस्टन, ऑस्ट्रेलियासमोर. लास्ट ओव्हरले 9 पायजे, एकच विकेट हाती, क्लूसनरनं पहिल्या दोन बॉलावर दोन फोर मारले, स्कोर बरोबरीत, अन् मंग डोनाल्ड रनआऊट. चूक झाली, मान्य. पन मॅच टाय होती, ऑस्ट्रेलिया फायनलले गेली ते सुपर सिक्समंधी (सेमीच्या आधीच्या फेरीत) वर होती म्हनून. अन् तोच क्लूसनर त्या वर्ल्डकपचा मॅन ऑफ द टुर्नामेंट होता, त्याले घाबरट म्हनाले जीभ कशी वळते?

2003 च्या वर्ल्डकपात डर्बनले पावसात श्रीलंकेसमोर बाऊचरनं मुरलीधरनले सिक्स मारला अन् झालं समजून शेवटचा बॉल नुसता अडवला, कारन डकवर्थ लुईसचा (पावसानं मॅच थांबली त टार्गेट ठरवाचा नियम) तो आकडा टाय चा होता, जिंकाचा नाई. हा कागद वाचन्यातला घोळ आहे, काळजाचा नाई.

2011 ची क्वार्टरफायनल मात्र मी सोडत नाई. न्यूझीलंडनं 222 चं टार्गेट देलं, हे 2 बाद 108 वर होते अन् 172 ले ऑलआऊट. तिथं चोक म्हना, मी भांडनार नाई.

2024 ची टी-20 वर्ल्डकप फायनल, बार्बाडोस, आपल्यासमोर त्यायले 30 बॉलात 30 पायजे होते, अन् हरले. इथं त मले रागच येते, कारन चोक म्हनलं का बुमराहच्या ओव्हरी अन् सूर्याचा बाउंड्रीवरचा कॅच, सगळं फुकट गेलं. आपल्याच पोरायनं हिसकून आनलेली मॅच आपन त्यायनं सोडली म्हनतो!

ट्रॉफीचं म्हनाल त 1998 ले ढाक्यात आयसीसी नॉकआउट जिंकली, अन् 2025 ले लॉर्ड्सवर वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनलले ऑस्ट्रेलियासमोर 282 चेस केले, मार्करम 136, बवुमा मांडीची नस धरलेली असून लंगडत 66.

अन् रायलं प्रेशर. त्यासाठी दूर जाऊ नका, नागपूरले जामठ्याची आपली अन् साऊथ आफ्रिकेची वर्ल्डकप मॅच आठवा, 12 मार्च 2011. सचिनचे 111 झाले, आपन 1 बाद 267, अन् तिथून 29 रनात 9 विकेट, 296 ऑलआऊट, स्टेनच्या 5. लास्ट ओव्हरले त्यायले 13 पायजे होते, नेहराच्या हातात बॉल, अख्खं ग्राउंड आपलं, अन् पीटरसननं 4 बॉलात संपवलं. सांगा, त्या दिवशी हातपाय कोनाचे गळले? तरी तीन हप्त्यानं, 2 एप्रिलले, वानखेडेवर वर्ल्डकप आपनच उचलला.