पँटीचे तीन गुण

परवा ज्येष्ठांच्या मोफत तपासणी शिबिरात माझ्या कागदावर लाल शाईत शेरा पडला: ‘वजन कमी करा’. वजन ६२ किलो, कित्येक वर्षं तेवढंच. पाठीला बाक येऊन उंची मात्र १६५ची १६० सेंटिमीटर झाली, त्यामुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.८ वरून २४.२ वर चढला. आणि आपल्याकडे २३च्या पुढे जादा वजन. म्हणजे मी जाड झालो नाही, आखूड झालो! टेबलामागच्या पोराला हे ऐकायला सवड नव्हती. त्याने पोटरीला टेप गुंडाळली, तीही पँटीवरून. ३२ सेंटिमीटर.

रांगेत मागे एक निवृत्त शिंपीमास्तर होते. त्यांना ते बघवेना.

“अरे, कापडावरून माप? दे इकडे!” त्यांनी टेप हिसकावली, मला खुर्चीत बसवलं, पाऊल जमिनीला टेकवून गुडघा काटकोनात आणला, पँट वर सरकवली. “जाड भाग शोधायचा. वर-खाली सरकवून सगळ्यात मोठं येईल ते खरं. आवळायची नाही, मांसाला खळगा पडता कामा नये.”

साडेतीस.

“बरोबर बारा इंच. चुडीदार शिवू? अर्धा इंच लूज सोडतो.” मग रांगेतल्या बाकीच्यांच्या पोटऱ्याही मोजून झाल्या.

गंमत अशी, की पोषणाच्या छोट्या प्रश्नावलीत बीएमआय काढता येत नसेल तर पोटरी बघतात: ३१ किंवा जास्त असेल तर ३ गुण, कमी असेल तर शून्य; एकूण गुण १४. ते तीन गुण माझे नव्हते, पँटीचे होते. पोराने ३२ खोडलं नाही. “काका, फॉर्म भरून झालाय.”

पुढे पाच वेळा उठा-बसा. हात छातीशी बांधून करायचं, १२ सेकंद लागले की पायांत जोर कमी. खुर्ची बिनहातांची, भिंतीला टेकलेली हवी. इथे हातांची प्लास्टिकची, फरशीवर पळणारी. हातांवर रेटा देत सगळे पास.

राग शेऱ्याचा आहे. ‘वजन कमी करा’ म्हटलं की म्हातारा माणूस आधी दूध, अंडी, शेंगदाणे सोडतो, आणि चरबीबरोबर पोटरीही झिजते. मूत्रपिंडं धड असतील तर ६२ किलोला रोज ६२ ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात; वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा, अंड्यात सहा. शिबिरात मिळाला चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं.

माझ्या वाटची मास्तरांनी उचलली. “तुम्हाला वजन कमी करायचंय ना!”