मेममूव्ह स्लो म्हणून मेमकॉपीच वापरा? नका ऐकू

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी पोरं सध्या एक पोस्ट एकमेकांना पाठवतायत, त्यात तीन सल्ले आहेत: मेमरीतला डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करायला मेममूव्ह स्लो असतं म्हणून कायम मेमकॉपी वापरा, मजकूर कॉपी करणाऱ्या स्ट्रकॉपीच्या जागी बाइटचं लिमिट घेणारं स्ट्रएनकॉपी टाकलं की कोड सेफ, आणि पासवर्ड वापरून झाला की मेमसेटने त्याच्या मेमरीत शून्य भरा, विषय संपला. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि पोरं इंटरव्ह्यूसाठी हेच पाठ करतात म्हणून लिहितोय.

पहिलं मेमकॉपीचं. ते वापरताना तुम्ही शब्द देता की कुठून घेतोय आणि कुठे ठेवतोय त्या दोन जागा एकमेकींवर येत नाहीत. आल्या तर सी भाषेचं स्टँडर्ड कसलीच हमी देत नाही. "पण माझ्याकडे चालतं की" म्हणणाऱ्यांनी 2010 चं फेडोरा 14 हे लिनक्स बघावं, जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची नवी मेमकॉपी काही इंटेल प्रोसेसरवर शेवटाकडून उलटी कॉपी करायला लागली आणि फ्लॅश प्लेयरचा आवाज बिघडला, कारण फ्लॅशवाल्यांनी ओव्हरलॅप होणाऱ्या जागीही मेमकॉपीच वापरली होती. लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बगवर भांडला, की युजरचं चालू सॉफ्टवेअर मोडू नका, आणि पुढे जीलिबसी 2.14 मध्ये आधीच कंपाइल झालेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी वेगळी सोय केली गेली. मला लिनसचं पटतं, पण आज नवीन कोड लिहिणाऱ्याला ती सूट नाही. आणि स्लो म्हणाल तर मेममूव्हला जास्तीचं काम काय, दोन्ही जागांचे मेमरीतले पत्ते बघून कुठल्या टोकापासून सुरू करायचं ते ठरवायचं, बाकी कॉपी तीच.

स्ट्रएनकॉपी तर सेफ्टीसाठी बनलंच नव्हतं, जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला ठरलेले 14 बाइट असायचे, तसले ठरलेल्या मापाचे रकाने भरायला ते होतं. 8 बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, इंग्रजी स्पेलिंगचं कोल्हापूर टाका, आणि लिमिट 8 द्या. अक्षरं बरोब्बर आठ, म्हणजे मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याला जागाच नाही, ते टाकलं जात नाही आणि एररही येत नाही! मग ते स्क्रीनवर छापायला गेलेलं प्रिंटएफ पुढची मेमरी वाचत सुटतं. त्यापेक्षा एसएनप्रिंटएफ वापरा आणि रिटर्न व्हॅल्यू तपासा, म्हणजे नाव कापलं गेलं का ते कळतं.

राहिला पासवर्ड. त्या बफरला नंतर कोणी हात लावत नाही हे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला दिसतं, मग तो मेमसेट फुकटचं काम समजून काढून टाकू शकतो, आणि ओ-टू हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावून कंपायलरने बनवलेली असेम्ब्ली बघितली तर तो बऱ्याचदा खरंच गायब असतो. त्यासाठी जीलिबसीत 2.25 पासून एक्स्प्लिसिट बीझीरो आहे, सी23 मध्ये मेमसेट एक्स्प्लिसिट आलंय, ते वापरा.