बांगडी वाढली

परवा अनुवादाचं प्रूफ तपासून परत आलं. मूळ इंग्रजीत सात ठिकाणी 'डेलिकसी' हा शब्द होता आणि मी सात ठिकाणी वेगवेगळे मराठी शब्द योजले होते. ते सगळे काढून एकच बसवलेला : नाजूकपणा. 'तिने अलगद विषय बदलला' या माझ्या वाक्याचं 'तिने नाजूकपणे विषय बदलला' झालं होतं. मला फार वाईट वाटलं. म्हणून हे लिहिते आहे.

'नाजूक' हा फारसीतून आलेला शब्द आपल्याकडे भरपूर राबतो. जाईची कळी नाजूक, दागिन्यावरचं काम नाजूक, पेशंटची प्रकृती नाजूक, वाटणीचा विषय नाजूक. पण इंग्रजी शब्दाचा पसारा याहून मोठा. त्याच्या लॅटिन मुळात सुख, चैन, लाड आहेत. 14व्या शतकात 'डेलिकेट' इंग्रजीत आला तेव्हा हेच अर्थ घेऊन आला. 'पटकन मोडेल असं' हा अर्थ त्याला पुढे, 16व्या शतकात चिकटला. आज त्यात तलम कापड आहे, तोळामासा तब्येत आहे, खास चवीचा पदार्थ आहे आणि समोरच्याला न दुखवता बोलण्याची रीतही आहे. न्यूयॉर्कात खाण्याच्या दुकानाला 'डेली' म्हणतात, तेही याच कुळातलं, जर्मनमार्गे आलेलं.

माझी तक्रार एवढीच, की 'नाजूक' म्हटलं की मोडणारी वस्तू दिसते, ती जपणारा हात दिसत नाही.

खान्देशातले खापरावरचे मांडे आठवा. जळगावकडच्या एका लग्नघरात मी तासभर ते बघत उभी होते. पीठ वस्त्रगाळ. कणीक तिंबणाऱ्या मावशी ती परातीत आपटत होत्या, पुन्हा उचलून पुन्हा आपटत होत्या, दंडाला घाम आलेला. मग पुरण भरलेला उंडा थोडा लाटून हातांवर घेतला आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवला. पलीकडचा चुलीचा जाळ त्यातून अंधूक दिसायला लागला. तापलेल्या पालथ्या खापरावर तो टाकताना कुठे फाटला नाही. असा मांडा तोंडात विरघळतो, त्यामागे ती आपटाआपटी असते. याला नुसतं नाजूक कसं म्हणायचं? माझ्या मते 'सुगरणपणा' हा शब्द या अर्थाच्या कितीतरी जवळचा आहे.

आणि बोलण्यातली डेलिकसी तर आपल्या घराघरांत आहे. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. देवापुढचा नारळ फोडत नाही, वाढवतो. रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. मंगळसूत्र तुटलं तरी ते 'वाढवलं'. मोडण्याच्या, संपण्याच्या नेमक्या क्षणी भाषा समोरच्याच्या मनाला हात देते. अख्ख्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही समज आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

आईला गेल्या श्रावणात बांगड्या भरल्या. वय 78, सांधे आखडलेले. कासारणीने तिचा हात साबणाच्या पाण्यात बुडवला, अंगठ्याखालचा उंचवटा दाबत, तळवा हळूहळू चोळत एकेक काचेची बांगडी वर चढवली. चौथी कट्कन गेली. आईचा चेहरा पडला. कासारीण म्हणाली, "एक वाढली हो आजी," तुकडे पदराआड सरकवले, आईच्या मनगटावर कुठे ओरखडा आहे का पाहिलं आणि दुसरी उचलली, एक माप मोठी. माप वाढवल्याचं बोलली नाही.

प्रूफ आज परत पाठवलं. दोन ठिकाणी 'नाजूकपणा' शोभत होता, तो राहू दिला. बाकी पाच ठिकाणी माझे शब्द पुन्हा घातले : तलम, तोळामासा, सुगरणपणा, हळुवार. आणि त्या वाक्यात 'अलगद'.