कोरिडोरासची पिल्लं ‘आपोआप’ वाढत नाहीत

मासे पाळणाऱ्यांमध्ये कोरिडोरास या तळाशी राहणाऱ्या लहान कॅटफिशच्या पैदाशीबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: एक जोडी पुरे; टाकीत बर्फाचं पाणी ओतलं की दुसऱ्या दिवशी अंडी; अंड्यांवर मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं निळं औषध भरपूर घाला; पिल्लं तळाचा गाळ खाऊन वाढतात; ती नाजूक असतात म्हणून महिनाभर पाणी बदलू नका; आणि तरीही मेली तर ‘निम्मी मरतातच’. यातल्या पहिल्या तीन गोष्टींमुळे बहुतेकदा अंडी वाया जातात. शेवटच्या तीन गोष्टींमुळे पिल्लं मरतात, आणि ती कशाने मेली हेही झाकलं जातं. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

“नर-मादीची एक जोडी पुरे”

कोरिडोरास जोडी बांधून राहत नाहीत, ते घोळक्याने अंड्यांवर येतात. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते आणि दोघांचा मिळून टी अक्षरासारखा आकार होतो. ब्राँझ कोरिडोरासवरचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मादी या वेळी नराचं वीर्य गिळते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पुढे जातं आणि पोटाखालच्या पंखांच्या ओंजळीत धरलेल्या अंड्यांवर सुटतं. एका खेपेला मोजकीच अंडी घ्यायची, काचेला किंवा पानाला चिकटवायची आणि परत नराकडे जायचं, असं कित्येक तास चालतं. नर एकच असेल आणि तो मध्येच दमला किंवा बुजला, तर पुढची अंडी फळतच नाहीत.

एकाच जातीचे निदान सहा मासे ठेवा, एका मादीमागे दोन नर या हिशेबाने. नर-मादी ओळखायचे तर वरून पाहा. मादी छातीच्या पंखांमागे स्पष्ट रुंद दिसते, नर सडपातळ असतो. ब्राँझ आणि पेपर्ड या जाती साधारण वर्षभराच्या झाल्यावर अपेक्षा धरावी.

“बर्फाचं पाणी ओता”

गार पाण्याचा संबंध खरा आहे, बर्फाचा नाही. माशाला पावसाची चाहूल लागते ती अनेक खुणांनी: पाणी थोडं गार होतं, त्यातले क्षार कमी होतात, प्रवाह वाढतो, खाणं मुबलक होतं. पाण्यात थेट बर्फ टाकला तर एका कोपऱ्यात तापमान धाडकन उतरतं, दुसरीकडे तसंच राहतं, आणि तळाशी बसणाऱ्या माशाला सगळ्यात मोठा धक्का बसतो.

हिशेब सोपा आहे. टाकी २६ अंशांवर असेल आणि एक तृतीयांश पाणी काढून २० अंशांचं घातलं, तर टाकी २४ वर येते. निम्मं बदललं तर २३ वर. एवढा उतार पुरतो. पाणी क्लोरीन काढलेलंच हवं. तुमचं पाणी जड असेल तर नव्या पाण्यात आरओचं पाणी मिसळा. एअर पंपाचा जोर वाढवा. दोन-तीन दिवस लागोपाठ हे करा आणि मग थांबा.

पण त्याआधीचे दोन आठवडे जास्त महत्त्वाचे असतात. मादीचं पोट अंड्यांनी भरलेलंच नसेल तर कितीही गार पाणी घालून काही होणार नाही. त्या काळात रोज बुडणारं पौष्टिक खाणं द्या: गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव), चिरलेले गांडूळ. जातही पाहा. पेपर्ड दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या थंड नद्यांमधला मासा आहे, त्याला गारवा मानवतो. स्टर्बाय उबदार पाण्यातला आहे, त्याला पेपर्डच्या मापाने गार करू नये.

“मिथिलीन ब्लू भरपूर घाला”

अंडं पांढरं पडलं की बुरशीने मारलं, असा समज यामागे आहे. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. अंडं फळलेलं नसतं, ते मरतं, पांढरं होतं आणि मग त्यावर बुरशी धरते. तिथून ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. म्हणून खरं काम मेलेली अंडी वेगळी काढण्याचं आहे, औषध हा दुय्यम आधार.

घातल्या घातल्या अंडी मऊ आणि चिकट असतात, तेव्हा हात लावू नका. दोन-तीन तासांत कवच घट्ट होतं. मग बोटाने हलकेच घोळवून किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने सोडवा. मोठ्या माशांना हलवण्यापेक्षा अंडीच हलवा. कोरिडोरासचे काटे जाळीत अडकतात, आणि घाबरलेले मासे लहानशा भांड्यात कोंबले तर पंखांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून सुटलेलं विष त्यांनाच भोवू शकतं. अंडी टाकीत सोडून देणं हाही पर्याय नाही. इतर मासे तर ती खातातच, आईबापही सोडत नाहीत.

दोन-तीन लिटरच्या डब्यात त्याच टाकीचं पाणी घ्या, अंडी एकमेकांना न चिकटता पसरा, एअरस्टोनचे (एअर पंपाच्या नळीला लावायच्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे मंद ठेवा आणि डबा टाकीतच तरंगता किंवा टांगता ठेवा, म्हणजे तापमान जुळून राहील. मिथिलीन ब्लू वापरायचंच तर पाणी फिकट निळं व्हावं आणि अंडी आरपार दिसावीत एवढंच घाला. गडद निळ्या पाण्यात पांढरं अंडं दिसत नाही, म्हणजे मुख्य कामच अडतं. हे औषध फिल्टरमधल्या उपयोगी जीवाणूंनाही मारक आहे, त्यामुळे ते मोठ्या टाकीत जाऊ देऊ नका. दिवसातून दोनदा पांढरी अंडी ड्रॉपरने उचला. जिवंत अंडं हळूहळू पिवळसर-तपकिरी होतं, मग आत डोळ्यांचे ठिपके दिसतात. ते दिसले की रोज निम्मं पाणी बदलून निळा रंग उतरवा. २५ अंशांच्या आसपास तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. रिकामी कवचं त्याच दिवशी काढून टाका, ती लगेच कुजतात.

“पिल्लं तळाचा गाळ खातात”

कोरिडोरासला ‘सफाई करणारा मासा’ म्हणण्याची सवय इथे फार महाग पडते. मोठा मासाही विष्ठा खाऊन जगत नाही. तो तळ उकरतो ते त्यात दडलेल्या किड्यांसाठी आणि खाण्याच्या कणांसाठी. पिल्लाला तर तेही जमत नाही. पहिले दोन-तीन दिवस पोटाखालची पिवळी पिशवी त्याला पोसते. ती आटली की समोर तोंडात मावेल असं खाणं असावंच लागतं.

सगळ्यात सोयीचे मायक्रोवर्म, म्हणजे अतिशय बारीक जिवंत कृमी. ते तळाशी बुडतात आणि तिथेच वळवळत राहतात, म्हणजे पिल्लाच्या तोंडासमोर. जोडीला नुकतीच फुटलेली आर्टेमिया. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश, जोरात हवा आणि उजेड, एवढ्यावर साधारण २४ तासांत ती फुटते. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतील, नारिंगी थर खाली बसेल. तो नळीने ओढा आणि गोड्या पाण्याने धुऊनच द्या. ब्राँझ, पेपर्ड, पांडा यांची पिल्लं लवकरच आर्टेमिया घेतात. पिग्मी आणि हॅब्रोसस या छोट्या जातींची फारच बारीक असतात, त्यांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या बारीक कृमी) लागतात.

खाणं पोहोचलं की नाही हे पोट सांगतं. टॉर्च धरून पाहा, आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट नारिंगी दिसतं. दिवसातून तीनदा, थोडं थोडं द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र टाळलेलाच बरा. पिल्लं त्यातलं खातात चिमूटभर, उरलेला सगळा पाण्यात विरघळून सडतो.

“महिनाभर पाणी बदलू नका”

या सगळ्यात घातक सल्ला हाच. पिल्लू दिवसभर पोट टेकून तळावर बसतं. उरलेलं खाणं, विष्ठा आणि त्यावर वाढणारा जीवाणूंचा बुळबुळीत थर हे सगळं नेमकं तिथेच असतं. टेस्ट किटने मधल्या पाण्यात अमोनिया (विष्ठा आणि सडलेल्या खाण्यातून सुटणारं विष) शून्य दाखवला तरी तळ स्वच्छ आहे असं ठरत नाही. काचेवर बोट फिरवा, निसरडं लागलं तर उशीर झालेला आहे. पोटाखाली लाली येणं, पंखांच्या कडा झडणं, मिशा आखूड होणं, ही त्याची पुढची चिन्हं.

पिल्लं नाजूक असतात ती बदलाच्या झटक्याला, स्वच्छतेला नाही. पहिले तीन-चार आठवडे रोज ३० ते ५० टक्के पाणी बदला. एअर पंपाच्या नळीच्या टोकाला एअरस्टोन बसवून पाणी काढलं तर पिल्लं ओढली जात नाहीत. तळाचा गाळ उघड्या नळीनेच निघतो, तेव्हा तो पांढऱ्या बादलीत घ्या आणि फेकण्याआधी तीत पिल्लू नाही ना, ते पाहा. नवं पाणी एका अंशाच्या फरकाच्या आत असावं, आणि नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडावं. आईबापांच्या टाकीचं पाणी स्वच्छ असेल तर तेच उत्तम, कारण पिल्लांना त्याची सवय असते.

पहिल्या आठवड्यानंतर डबा सोडून २० ते ३० लिटरच्या टाकीत न्या. पाण्याची उंची १० ते १५ सेंटिमीटर आणि स्पंज फिल्टर दुसऱ्या चालत्या टाकीत मुरलेला. कोरा फिल्टर सुरुवातीला नुसता हवा सोडतो, अमोनिया पचवत नाही. तळ उघडा की वाळूचा, यावर वाद आहे. आमचं मत असं, की पहिले दोन आठवडे उघडा ठेवून रोज पुसावा, मग बारीक वाळूचा पातळ थर द्यावा. दोन-चार रॅम्सहॉर्न गोगलगायी उरलेलं खाणं संपवतात, पण पाणी बदलण्याला पर्याय होत नाहीत.

“निम्मी मरतातच”

कधी मरतात ते लिहून ठेवा, कारण हाती लागतं. अंड्यातून आल्यावर चौथ्या ते सातव्या दिवशी, रिकाम्या पोटाची मेली तर खाणं पोहोचलेलं नाही. भरल्या पोटाने एकदम बरीच मेली तर पाणी बिघडलं किंवा नव्या पाण्याचं तापमान चुकलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज एक-दोन जात असतील तर गर्दी झाली आहे: खाणं वाढलं, जागा तेवढीच राहिली. तेव्हा औषध शोधू नका, पिल्लं दोन टाक्यांत वाटा.

साधारण दोन सेंटिमीटरची झाली की ती मोठ्या टाकीत जाऊ शकतात. आधी दोन-तीन दिवस त्या टाकीचं पाणी त्यांच्या पाण्यात मिसळत राहा, आणि सोडाल तेव्हा सगळी एकत्र सोडा.