घरच्या थिएटरचा पीसी आणि एन१०० : नागपूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

पंचवीस हजारांच्या आत बसणाऱ्या छोट्या होम थिएटर पीसीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर फारच दुबळा. तेवढ्याच पैशांत इंटेलचाच आय५-८५००टी असलेलं सेकंडहँड ऑफिस मिनी मशीन येतं, आणि थोडी भर घातली तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. दुसरं, पंखा नसलेला बोर्ड नागपूरच्या मे महिन्यात टिकणार नाही. आणि तिसरं, टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक हे सगळं याहून खूप स्वस्तात करते. मुद्दे विचारपूर्वक मांडले आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटलं नाही.

पहिला मुद्दा. आकडे तुमचेच बरोबर आहेत. एन१०० मध्ये चार छोटे कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, आहेत, ८५००टी मध्ये सहा मोठे. फाइल झिप करायची असो, व्हिडिओ एडिट करायचा असो की गेम खेळायचा असो, ८५००टी आणि ५६००जी पुढेच राहतील. पण सिनेमा पाहताना हे कोअर जवळजवळ रिकामे बसलेले असतात. एचईव्हीसी या फॉरमॅटमध्ये दाबून ठेवलेली फोर-के फाइल उलगडण्याचं काम ग्राफिक्सच्या भागात असलेलं वेगळं सर्किट करतं, आणि ते सर्किट कोणते फॉरमॅट ओळखतं यावर सगळं ठरतं. एन१०० जानेवारी २०२३ मध्ये आला. त्याचं सर्किट १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे तिन्ही ओळखतं. ८५००टी पहिले दोन ओळखतो, एव्ही१ नाही. ५६००जी कितीतरी वेगवान, पण त्याचं ग्राफिक्स व्हेगा पिढीचं, म्हणून एव्ही१ तिथेही नाही. एव्ही१ फाइल लावली की तिथे सगळा भार कोअरवर येतो. ५६००जी तो उचलेलही, पण ६५ वॉटचा प्रोसेसर जागा झाला की त्याचा पंखाही जागा होतो, आणि तो टीव्हीखाली, तुमच्यापासून आठ-दहा फुटांवर असतो. सिनेमातल्या शांत प्रसंगात तो आवाज मला सहन होत नाही. दिवाणखान्यातलं मशीन ऐकू येता कामा नये, यावर मी ठाम आहे.

तुमचा सगळा संग्रह एचईव्हीसी आणि जुन्या एच.२६४ चा असेल, तर मात्र ८५००टी खरोखर चालेल. फक्त पैसे देण्याआधी मशीनची मागची बाजू बघा. त्या पिढीच्या बऱ्याच ऑफिस मशीनना एचडीएमआय असलंच तर १.४ असतं, काहींना नुसतं डिस्प्लेपोर्ट, म्हणजे मॉनिटरसाठीचं वेगळं सॉकेट. १.४ वर फोर-के जास्तीत जास्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, मिळतं. मग डिस्प्लेपोर्टवरून ॲक्टिव्ह अडॅप्टर लावावा लागतो, आणि आवाज किंवा एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) अडलं की दोष केबलचा, अडॅप्टरचा की टीव्हीचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या सीताबर्डीत दुकानदार रॅम आणि एसएसडीचे आकडे आपणहून सांगतील. एचडीएमआयची आवृत्ती तुम्हालाच विचारावी लागेल.

आता ज्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही, पण ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो, ती गोष्ट. आपल्या घरांत काय साठलेलं आहे ते बघा. मराठी नाटकांच्या व्हीसीडी, ३५२ बाय २८८ ठिपक्यांच्या, सेकंदाला २५ चित्रं. लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतलेल्या फाइली, पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. डीव्हीडींमध्ये काही पाल, काही एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या. आणि ब्लू-रेवरचे सिनेमे बहुतेक २३.९७६ चित्रांचे. टीव्ही मात्र कायम ६० हर्ट्झवर अडकलेला. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की मंडपातली माणसं अडखळत सरकतात, आणि लोक म्हणतात कॅसेटच खराब झाली. कॅसेट ठीक असते. तोच टीव्ही ५० हर्ट्झवर आणा, प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येईल आणि हालचाल सरळ होईल. २३.९७६ चा सिनेमा नेमक्या २४ वर लावला तरी साधारण ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. ज्याला ते एकदा दिसलं, त्याला पुढे दिसतच राहतं.

कोडी या सिनेमे चालवणाऱ्या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये यासाठी सोय आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (टीव्हीचा हर्ट्झमधला वेग) आपोआप बदलण्याचा पर्याय चालू करायचा आणि डिस्प्लेच्या व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे चालतील त्या वेगांच्या यादीत, टीव्हीला चालणारे २३.९७६, २५, ५०, ५९.९४ असे सगळे वेग निवडून ठेवायचे. व्हीएचएसच्या फाइलींसाठी डीइंटरलेसिंग (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं) हार्डवेअरवर ठेवायचं, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या कडांवर दिसणाऱ्या कंगव्यासारख्या रेघा जातात. एन१०० आणि लिबरइलेक (फक्त कोडी चालवण्यासाठीची छोटी लिनक्स सिस्टिम) ही जोडी हे सगळं शांतपणे करते. आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट नीट दिसावी यासाठी एवढी मेहनत मला अजिबात जास्त वाटत नाही.

आता उष्णता. ४५ अंशांची तुमची काळजी रास्त आहे, तरी एन१०० ची रचना ६ वॉटसाठी आहे आणि १०५ अंशांपर्यंत तापल्यावरच तो स्वतःचा वेग कमी करतो. सिनेमा पाहताना तो तिथवर सहसा जात नाही. खरा धोका टीव्हीखालच्या बंद कपाटाचा: मागची प्लायवूडची पाठ बंद, पुढे काचेचं दार, आत सेट-टॉप बॉक्स आणि राउटरही तापलेले. नागपुरात मी तरी कपाटाच्या पाठीला दोन मोठी भोकं पाडून घेईन आणि केसमध्ये १२० मिलिमीटरचा एक पंखा मिनिटाला ५००-६०० फेऱ्यांवर ठेवीन. एवढ्या कमी वेगाला तो ऐकू येत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी खाली आणता येत असेल तर तीही आणा. सिनेमाला फरक पडत नाही.

स्टिकबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. सबस्क्रिप्शनचे सिनेमे फोर-के मध्ये बघायचे असतील तर पीसी घेऊच नका. लिनक्सवर या सेवा फक्त सॉफ्टवेअरच्या पातळीचं संरक्षण देतात, त्यामुळे फोर-के मिळत नाही. विंडोजवर ठरावीक प्रोसेसर, ठरावीक ब्राउझर आणि एचडीसीपी २.२ हे केबलवरचं कॉपी-संरक्षण जुळावं लागतं. टीव्हीतलं ॲप किंवा स्टिक तेच काम विनासायास करते. पीसी आपल्याच मालकीच्या फाइलींसाठी: चार टीबीची डिस्क, नाटकं, लग्नं, रिप केलेल्या डीव्हीडी, आणि अँप (ॲम्प्लिफायर) असेल तर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी फॉरमॅटमधला आवाज जसाच्या तसा त्याच्याकडे पाठवणं. इथे एक सूचना. आवाज टीव्हीमार्गे साउंडबारला नेणार असाल तर दोन्हीकडे ई-एआरसी (एचडीएमआयमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी एआरसी सोय, तिची सुधारित आवृत्ती) आहे का ते बघा. साध्या एआरसीतून हे आवाज मूळ रूपात जात नाहीत.

तुमच्या घरासाठी मी असं जमवीन: मिनी-आयटीएक्स आकाराचा एन१०० बोर्ड, शक्यतो १९ व्होल्टचा डीसी जॅक असलेला. एएसरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्सला तो आहे, त्यामुळे लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर काम भागतं आणि वेगळा पॉवर सप्लाय लागत नाही. रॅम आठ जीबी, एकच पट्टी, कारण हा प्रोसेसर सिंगल चॅनलचाच आहे, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र वापरून वेग वाढवत नाही. सिस्टिमसाठी २५६ जीबी एसएसडी. सिनेमांची डिस्क यूएसबीवर, कपाटाबाहेर. पीसीच्या बोर्डांवर एचडीएमआय-सीईसी (टीव्हीच्या रिमोटचे हुकूम केबलमधून पोचवणारी सोय) बहुधा नसतं, टीव्हीच्या रिमोटने कोडी चालणार नाही, म्हणून यूएसबी डोंगलचा साधा रिमोट यादीत आधीच धरा.

टीव्हीचं मॉडेल आणि साउंडबार किंवा अँप कोणता ते कळवलंत तर केबल आणि व्हाइटलिस्टचे नेमके आकडे याच धाग्यात लिहून देतो.